ज्योतीचा थरकांप आणि विजेचा दिवा

रंगभूमीवर रात्रीचा प्रवेश चालू असतो. एक पात्र हातांत मेणबत्ती घेऊन अंधाऱ्या दालनांत येतें, आणि त्याबरोबर भिंतीवरच्या सावल्या लांबतात, आखूड होतात, क्षणभर थरकतात. तो प्रकाश मेणबत्तीचाच आहे, हें प्रेक्षक निःशंकपणें मान्य करतात. वस्तुतः त्या एका मेणबत्तीच्या उजेडांत मागच्या रांगेंतील प्रेक्षकाला नटाचे नाकडोळेही धड दिसले नसते. जें दिसतें तें आडोशाला ठेवलेल्या विजेच्या प्रखर दिव्यांचें काम असतें. न हलतां, न फडफडतां जळत राहणें हा विजेच्या दिव्याचा मोठा गुण. तोच गुण त्याच्याकडून विसरवून घेऊन त्याला ज्योतीचें चांचल्य शिकविणें, ही दिसावयास क्षुल्लक परंतु साधावयास अवघड अशी कला आहे.

पहिला प्रश्न असा, कीं खरी मेणबत्तीच कां लावूं नये? याचें उत्तर इतिहासानें फार कठोर शब्दांत दिलेलें आहे. ८ डिसेंबर १८८१ रोजीं व्हिएन्ना शहरांतील रिंग थिएटरांत प्रयोग सुरू होण्यापूर्वीं रंगमंचावरील ग्यासचे दिवे लावतांना ते वेळेवर पेटले नाहींत. सांचलेल्या ग्यासनें भडका घेतला, वर टांगलेल्या पडद्यांना आग लागली, आणि शेंकडो माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनीं, २८ डिसेंबर रोजीं, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत रिचर्ड डॉयली कार्ट यांनीं एक प्रात्यक्षिक केलें. विजेचा पेटलेला दिवा त्यांनीं सहज पेट घेणाऱ्या मलमलींत गुंडाळला आणि प्रेक्षकांदेखत तो फोडला. मलमल जळली नाहीं. नाट्यगृहांत ज्योतीचें राज्य संपून विजेचें सुरू झालें, याची ती जणूं द्वाहीच होती. अर्थात् वीजही निर्दोष नव्हे. ३० डिसेंबर १९०३ रोजीं शिकागोच्या इरॉक्वा थिएटरांत विजेच्या कमानी दिव्याची ठिणगी पडद्यास लागून सहाशेंहून अधिक लोक मृत्यु पावले. म्हणून खोट्या ज्योतीचा विचार करतांना सौंदर्याच्या आधीं सुरक्षितता येते, हें ध्यानांत ठेवावें लागतें.

आतां मूळ वस्तूकडे वळूं जातां असें दिसतें, कीं मेणबत्ती ही प्रकाशाच्या मापाची जननी आहे. इंग्लंडांत १८६० सालच्या ग्यासविषयक कायद्यानें विशिष्ट वजनाची, विशिष्ट वेगानें जळणारी मेणबत्ती हें तेजाचें प्रमाण ठरविलें होतें. आज शास्त्रज्ञ कॅण्डेला हें एकक वापरतात, परंतु त्याचें मान साधारण एका मेणबत्तीइतकेंच राहिलें आहे. या मापानें साठ वॅटचा जुना घरगुती दिवा सुमारें साठ मेणबत्त्यांइतका, आणि रंगमंचावरचा हजार वॅटचा दिवा दीड हजारांहून अधिक मेणबत्त्यांइतका उजेड देतो. एका ज्योतीची नक्कल करावयास दीड हजार ज्योतींचा धनी बोलवावा लागतो, यांतच सगळ्या अडचणीचें बीज आहे.

ज्योत थरथरते कां? मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, तीं केवळ मेणबत्तीवर होतीं. ज्योतीचा पिवळा प्रकाश हा तिच्यांत तापून लाल-पिवळ्या झालेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांचा असतो, हें त्यानें त्यांत प्रयोगांनीं दाखविलें. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, खालून थंड हवा तिची जागा घेते, आणि या चढत्या प्रवाहानेंच ज्योतीला तिचा निमुळता आकार येतो. हा प्रवाह सरळ असेल तोंवर ज्योत स्थिर असते. चांगल्या मेणाची एकटी मेणबत्ती बंद खोलींत बराच वेळ चित्रांतल्यासारखी निश्चल उभी राहते. परंतु वाऱ्याची झुळूक आली, वात लांबली, अथवा तीन-चार ज्योती जवळजवळ आल्या, कीं गरम आणि थंड हवेच्या सीमेवर भोंवरे उठतात व ज्योत मागेंपुढें खेंचली जाते. जवळ आणलेल्या ज्योती सेकंदाला सुमारें दहा वेळां स्पंदन पावतात. १९९२ सालीं अमेरिकेच्या कोलंबिया अंतराळयानांत मेणबत्ती पेटवून पाहण्यांत आली. तेथें वजनच जाणवत नसल्यानें गरम हवा वर चढली नाहीं. ज्योत निळसर व अर्धगोलाकार झाली, आणि तिच्या अंगांतला थरकांप नाहींसा झाला. थरकांप हा ज्योतीचा स्वतःचा स्वभाव नसून तिच्याभोंवतींच्या हवेचा आहे, हें यावरून स्पष्ट होतें.

या निरीक्षणांतून नक्कल करणाऱ्याला पहिला धडा मिळतो. खरी मेणबत्ती बहुतेक वेळ शांत असते. ती मधूनच दचकते, झटकन मंद होते, आणि किंचित सावकाश पूर्वपदावर येते. नवशिके याच ठिकाणीं चुकतात. ते दिवा सारखा नाचवितात, आणि मेणबत्तीऐवजीं बिघडलेल्या बटणाचा भास उत्पन्न होतो.

दुसरा धडा रंगाचा. प्रकाशाचा रंग तापमानाच्या भाषेंत सांगण्याची पद्धत आहे. मेणबत्तीचा प्रकाश सुमारें १९०० केल्विन, घरगुती तंतूच्या दिव्याचा सुमारें २७००, रंगमंचावरच्या दिव्याचा सुमारें ३२००, आणि दुपारच्या उन्हाचा साडेपांच हजारांच्या आसपास. आंकडा जितका लहान तितका प्रकाश तांबूस. म्हणून मोठ्या दिव्यापुढें केशरी अथवा पिंगट रंगाचा पारदर्शक कागद लावावा लागतो. मात्र कांहीं काम दिवा आपण होऊन करतो. दिव्याला मिळणारा विजेचा दाब दहा टक्के कमी केला, कीं त्याचा प्रकाश सुमारें तीस टक्के घटतो, आणि तंतु थंडावल्यानें तो तांबूसही होतो. वीस टक्के दाब कमी केल्यास प्रकाश निम्म्याहून खालीं येतो. म्हणजे ज्योतीचा दचका दाखविण्यास दाबांतला अगदीं अल्प फरक पुरतो.

परंतु येथेंच मोठ्या दिव्याचें जडत्व आडवें येतें. टॉर्चमधील दिव्याचा तंतु केसासारखा बारीक असतो. तो क्षणांत तापतो व क्षणांत निवतो. हजार वॅटच्या दिव्याचा तंतु जाड आणि भरीव असतो. वीज बंद केल्यावरही तो कांहीं काळ लाल राहतो, आणि वीज दिली तरी लगेच प्रज्वलित होत नाहीं. सेकंदाला दहा वेळां थरथरण्याची आज्ञा त्याला कितीही दिली, तरी तो तिची केवळ पुसट सरासरी दाखवितो. शिवाय थंड तंतूचा विद्युत्‌रोध तापलेल्या तंतूच्या मानानें फारच कमी असल्यानें प्रत्येक वेळीं विझवून पेटवितांना विजेचा मोठा लोंढा त्यांतून जातो आणि दिव्याचें आयुष्य घटतें.

या अडचणीवर अनुभवी प्रकाशयोजकांनीं तीन तोडगे काढले. पहिला असा, कीं दिवा कधींच पूर्ण विझवावयाचा नाहीं. त्याला सतत ऊब देऊन ठेवावयाचें, आणि वरच्या थोड्याशा पट्ट्यांतच खेळवावयाचें. दुसरा असा, कीं एका मोठ्या दिव्याचें काम अनेक लहान दिव्यांत वांटून द्यावयाचें. पंचवीस-पंचवीस वॅटचे दिवे चपळ असतात. तिसरा तोडगा सर्वांत जुना आणि सर्वांत भरंवशाचा. दिवा स्थिर ठेवावयाचा, आणि त्याच्यापुढें काठीला बांधलेल्या रेशमी कापडाच्या चिंध्या अथवा रंगीत कागदाच्या पट्ट्या हातानें हलवावयाच्या. चित्रपटाच्या स्टुडिओंत ही युक्ति आजही चालते. हाताच्या हालचालींत जी नैसर्गिक अनियमितता असते, ती यंत्राला शिकविण्यास फार कष्ट पडतात.

स्वस्तांतली आणखी एक युक्ति नाटकवाल्यांच्या परिचयाची आहे. नळदिव्याला जो लहान स्टार्टर असतो, तो साध्या दिव्याशीं एकसरींत जोडावयाचा. स्टार्टरमधील दोन धातूंची पट्टी तापून वांकते, तेव्हां दिवा पेटतो. ती निवून सरळ होते, तेव्हां दिवा विझतो, आणि पुन्हा तोच क्रम चालू होतो. कोणताही स्टार्टर दुसऱ्याशीं ताल धरीत नसल्यानें असे चार-सहा दिवे एकत्र ठेवले, कीं शेकोटीचा उत्तम भास होतो. एका मेणबत्तीसाठीं मात्र ही रीत ओबडधोबड ठरते, कारण दिवा येथें साफ विझतो. शिवाय ही जोडणी घरच्या पुऱ्या दाबाच्या विजेवर चालते. स्टार्टरचे नाजूक संपर्क जड दिव्याच्या प्रवाहानें चिकटून बसतात. म्हणून दिवे लहान असावे, सर्व जोड बंद पेटींत असावे, आणि काम जाणत्या माणसानेंच करावें. आगीचें भय टाळण्यासाठीं केलेली योजना स्वतःच आगीचें कारण होऊं नये.

ज्योतीच्या आकाराचा निऑन दिवाही बाजारांत मिळतो. त्यांत निऑन वायु भरलेला असून दोन पत्र्यांवर नारिंगी तेज इकडून तिकडे सरकत राहतें. तो पाहावयास मोठा मोहक असतो, परंतु त्याच्या उजेडांत जवळचें अक्षरही नीट दिसत नाहीं. येथें या कलेचें एक मर्म उघड होतें. प्रेक्षकाला जी ज्योत दिसते ती एक, आणि जी उजेड पाडते ती दुसरी. पात्राच्या हातांतील ज्योत डोळ्यांना पटावी एवढी मंद असली पाहिजे, नाहींतर ती डोळे दिपवील. तोंडावर आणि भिंतीवर पडणारा उजेड मात्र प्रखर हवा. ही दोन कामें दोन निराळ्या दिव्यांकडून करवून घ्यावीं लागतात, आणि तीं एकाच वेळीं दचकलीं पाहिजेत.

तरीही कांहींतरी चुकल्यासारखें वाटतें. दिव्याचें तेज अगदीं खऱ्या ज्योतीसारखें कमीजास्त होत असूनही डोळा फसत नाहीं. ज्यांना याचें कारण पाहावयाचें असेल त्यांनीं अंधाऱ्या खोलींत मेणबत्ती लावून तिच्या आणि भिंतीच्या मध्यें एक पेला ठेवावा. ज्योत हलतांना उजेड तर बदलतोच, पण पेल्याची सावलीही सरकते. ज्योत डोलते, म्हणजे प्रकाशाचा उगमच जागा बदलतो. विजेचा दिवा मात्र खिळलेल्या जागीं मंद वा प्रखर होतो, त्यामुळें सावली गडद-फिकी होते पण हलत नाहीं. यावर उपाय असा, कीं एकाऐवजीं तीन दिवे चार-चार बोटांच्या अंतरावर ठेवावे आणि प्रत्येकाचा थरकांप निराळा असावा. एक मंद होतांना शेजारचा किंचित उजळला, कीं प्रकाशाचें केंद्र त्याच्याकडे सरकतें, आणि त्याबरोबर सावली जिवंत होते. तिघांच्या रंगीत कागदांत थोडा फरक ठेवल्यास परिणाम अधिकच खुलतो.

दिव्याची जागाही तितकीच महत्त्वाची. मेणबत्ती छातीच्या उंचीवर धरलेली असते, समई जमिनीपासून हात-दीड हात उंच असते, आणि पणती तर उंबऱ्यापाशींच असते. त्यांचा उजेड खालून वर जातो. तोच उजेड छतावरच्या दिव्यांतून पाडला, तर थरकांप कितीही उत्तम असला तरी मन तो स्वीकारीत नाहीं. पुन्हा, अंतर दुप्पट झालें कीं उजेड चतुर्थांश होतो, हा प्रकाशाचा नियम आहे. ज्योतीपासून एक फुटावर असलेला चेहरा दोन फुटांवर गेला, तर त्याचा उजेड एकदम चौथ्या हिश्शावर येतो. वीस फुटांवरच्या दिव्यापासून तोच चेहरा एक फूट दूर सरला, तर जेमतेम दहावा हिस्सा घटतो. हें उणें भरून काढण्यासाठीं दिवा शक्य तितका जवळ व खालीं लपवावा लागतो, आणि पात्र चालूं लागल्यास त्याच्या पावलांबरोबर एक दिवा उतरवीत दुसरा चढवीत जावें लागतें.

आज तंतूच्या दिव्याची जागा बहुतेक ठिकाणीं एल्‌ईडी दिव्यांनीं घेतली आहे. त्यांची अडचण नेमकी उलट आहे. तंतु फार आळशी, तर एल्‌ईडी फार उतावीळ. आज्ञा मिळतांच तो क्षणाच्या लक्षांशांत पेटतो वा विझतो. तंतूचें जडत्व ज्या खांचाखोंचा आपोआप बुजवीत असे, त्या येथें उघड्या पडतात. १९८६ सालीं ठरलेल्या ज्या संकेतपद्धतीनें रंगमंचावरील दिव्यांना आज्ञा दिल्या जातात, तींत प्रत्येक वाहिनीला तेजाच्या २५६ पायऱ्या असतात. प्रखर उजेडांत एका पायरीचा फरक कळत नाहीं. परंतु पहिल्या पायरीवरून दुसरीवर जातांना उजेड दुप्पट होतो, आणि तो धक्का डोळ्यांना खुपतो. म्हणून दोन वाहिन्या जोडून पायऱ्यांची संख्या ६५,५३६ पर्यंत वाढवितात. एल्‌ईडी मंद झाला तरी तांबूस होत नाहीं, हाही एक दोष. त्यासाठीं पांढऱ्या दिव्यांत पिवळसर-तांबडे दिवे मिसळून, उजेड उतरेल तसें त्यांचें प्रमाण वाढवीत नेतात.

मग यंत्राला थरकांप शिकवावयाचा कसा? केवळ यदृच्छेनें निवडलेले आंकडे एकामागून एक दिव्याला दिले तर तो पिसाळल्यासारखा उड्या मारतो, कारण ज्योतीची प्रत्येक अवस्था मागच्या अवस्थेंतून उगवते. म्हणून आंकडे यदृच्छेनें घ्यावयाचे, परंतु दिव्यानें प्रत्येक आंकड्याकडे थोडें थोडें सरकत जावयाचें, असा बेत करतात. सोयीचें प्रमाण सांगावयाचें तर पूर्ण तेज शंभर धरून दिवा ऐंशीवर ठेवावा. त्यावर कांहीं सेकंदांत एकदां येणारी पांच-सात अंशांची संथ लाट असावी. तिच्यावर दोन-तीन अंशांची जलद थरथर असावी, आणि अधूनमधून पन्नास-साठपर्यंत जाणारा एखादा दचका असावा. दचक्याचें उतरणें जलद आणि चढणें सावकाश ठेवावें. दिवाळींत बाजारांत येणाऱ्या विजेच्या पणत्यांमध्यें दडलेला मोहरीएवढा तुकडा याच तत्त्वावर चालतो. त्याचा क्रम ठराविक आंकड्यांचाच असतो, पण तो इतका लांब असतो कीं पाहणाऱ्याला त्याची पुनरावृत्ति उमगत नाहीं.

अनेक दिवे असतील तर आणखी एक विवेक लागतो. दालनांतील वीस मेणबत्त्या एकाच तालांत थरथरल्या, तर तो विजेचा खेळ लगेच उघडा पडतो. म्हणून प्रत्येकीची थरथर स्वतंत्र हवी. परंतु दार उघडलें, तर झुळूक सर्वांनाच लागते, आणि तीही दाराजवळच्या ज्योतीला आधीं, दूरच्या ज्योतीला मागून. एवढा बारकावा सांभाळला, कीं प्रेक्षकाला न दिसणारा वारासुद्धां दिसूं लागतो. दिवा वाटेल तेव्हां दचकूं नये. दार उघडण्याला, पात्राच्या वळण्याला, लगबगीनें जवळून जाणाऱ्या पदराला त्यानें उत्तर द्यावें.

चित्रपटाच्या क्यामेऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. तो सेकंदाला चोवीस चित्रें घेतो. म्हणून सेकंदाला बारा वेळांहून जलद होणारी थरथर त्याला प्रामाणिकपणें टिपतां येत नाहीं, आणि पडद्यावर ती भलत्याच रूपानें उमटते. स्टॅन्ले क्युब्रिक यांनीं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटांत हा सारा प्रपंचच बाजूला सारला. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेसाठीं झाईस कंपनीनें तयार केलेलें, अतिशय अल्प प्रकाशांत चालणारें भिंग मिळवून त्यांनीं कांहीं प्रसंग खऱ्या मेणबत्त्यांच्या उजेडांत चित्रित केले. छायालेखक जॉन आल्कॉट यांना त्या कामाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. परंतु त्या भिंगांतून इतका थोडा भाग स्पष्ट दिसे, कीं नटांना जवळजवळ निश्चल बसावें लागे. लंडनमध्यें २०१४ सालीं उघडलेल्या सॅम वनामेकर नाट्यगृहांतही खऱ्या मेणबत्त्या जळतात. मात्र त्यांच्या देखरेखीला माणसें आणि आगीच्या बंदोबस्ताला कडक नियम लागतात. प्रत्येक गांवच्या नाट्यगृहाला तें पेलणारें नाहीं.

शेवटीं एक गंभीर गोष्ट. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला आठ-दहा वेळां होणारी उघडझांप सर्वांत अधिक जाणवते, आणि कांहीं व्यक्तींना अशा प्रखर उघडझांपीनें अपस्माराचा झटका येऊं शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत दूरचित्रवाणीवरील मुलांच्या एका चित्रमालिकेंत तांबडा-निळा प्रकाश जलद लुकलुकला, आणि सहाशेंहून अधिक मुलांना रुग्णालयांत न्यावें लागलें. म्हणून जलद थरथर नेहमीं उथळ ठेवावी, खोल दचके विरळ ठेवावे, आणि कोठेंही उजेड व काळोख यांचा लखलखाट होऊं देऊं नये. सुदैवानें येथें सुरक्षितता आणि सत्य हीं दोन्हीं एकाच बाजूला आहेत, कारण खरी ज्योतही लखलखत नाहीं. ती बहुधा स्वस्थ असते, आणि हवेनें हांक मारली म्हणजेच हलते. विजेच्या दिव्याला एवढा संयम ज्यानें शिकविला, त्यानें नाट्यगृहांतील एक जुनें भय घालविलें, आणि त्या भयाबरोबर जाऊं पाहणारें एक सौंदर्य मात्र राखून ठेवलें.